पत्ता बरोबर आहे

तीन आठवडे झाले.
प्रोग्रॅम चूक झाली म्हणून पडत नाही,
चूक सावरताना पडतो.
एरर झेलायला जो कोड आम्हीच बसवला
त्याच्याच हातून सगळं सुटतं.
कुंपणानंच शेत खाल्लं, मी रुअरीला म्हणाले.
इंग्रजीत ते नीट बसेना.
तो म्हणाला, आमच्याकडे शेतांना दगडी भिंती असतात,
त्या काही खात नाहीत.

डंडी. फेब्रुवारी.
टे नदीवर धुकं. पुलाचे पहिले चार खांब दिसतात,
पुढचा पूल गृहीत धरायचा.
तक्रार आली ती बंदराच्या कचेरीतून:
भरतीचे तक्ते छापताना आपली भाषा मरते,
आणि मरताना काहीच्या बाही बोलते.

जिथं मेली तिथं मारेकरी कधीच नव्हता.
कधी साध्या बेरजेत, कधी मेमरी झाडणाऱ्या कोडमध्ये,
एकदा तारीख लिहिता लिहिता.
आठवडाभर मी त्या तारखेच्या फंक्शनला पिळलं,
चोर सोडून संन्याशाला फाशी.
मधे एक ओळ छापायला घातली की बरं वाटतं,
काढली की पुन्हा तेच;
दवाखान्याच्या पायरीवर
दुखायचा थांबणारा दात असतो ना, तसं.

मग डीबगर लावला,
आठ बाइटांवर पहारा बसवला
आणि चहा गार होऊ दिला.
पावणेबाराला पहारेकऱ्यानं हटकलं.

घडत होतं ते इतकंच:
पहिली चूक झाली.
तिला सावरताना दुसरी झाली.
दुसरी आली तशी पहिलीची जागा आम्ही मोकळी केली,
झाडून, पुसून, पुढच्याला देऊन टाकली.
पण दुसरीच्या खिशात
पहिलीचा पत्ता तसाच.
कुणी विचारलं, का गं, कशामुळे?
की ती जाऊन तेच दार वाजवते.
आत आता वेगळंच बिऱ्हाड:
भरती, पहाटे चार बारा, साडेचार मीटर.
आणि आमची भाषा ते वाचून दाखवते
कारण म्हणून,
अगदी प्रामाणिकपणे,
वाचता वाचता भिंतीबाहेर पाऊल पडेपर्यंत.

मी खुर्ची मागे सरकवली.
मला एक पाकीट आठवलं.

पर्थ रोडच्या माझ्या खोलीवर
मिसेस ऑगिल्वींची पत्रं अजून येतात.
पत्ता बरोबर. मजला बरोबर. दारावरचा आकडाही तोच.
नोव्हेंबरात एक मी अंधाऱ्या जिन्यात न बघताच फोडलं:
आपल्या डाव्या डोळ्याची तपासणी
मंगळवारी साडेनऊला.
आणि तिथंच, हातमोजा दातात धरून,
मी उजवा डोळा मिटून पाहिला
डाव्यानं दिसतंय का ते.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
दुसरी जोवर पहिलीचं नाव घेते आहे
तोवर पहिलीला जाऊ द्यायचं नाही.
रुअरीनं दोनदा वाचली, मान खाजवली,
म्हणाला, आणि मग सोडायचं कधी?
मी म्हटलं, विचारणारं कुणी उरलं नाही की.
हे कोडमध्ये लिही, तो म्हणाला,
नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी
फालतू म्हणून ही ओळ काढेल.
लिहिलं.

रात्रभर दहा हजार वेळा चालवला.
एकदाही पडला नाही.
दहा हजार वेळा, स्वच्छ अक्षरांत,
तीन आठवडे जे त्याच्या तोंडून फुटत नव्हतं
ते तो सांगत राहिला:
फाइल सापडली नाही.

खरंच की. कुठली फाइल?
बंदराच्या कचेरीला फोन लावला.
त्या बाईंना ठाऊक नाही.
ती ठेवणारा माणूस म्हणे
नाताळातच सोडून गेला,
आणि त्याचा नवा पत्ता
कुणी लिहून घेतलेला नाही.